सांगलीत राहायला येताना गाडीची आणि घराची काळजी कशी घ्यावी?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून बदलीनं सांगलीला येताय, विश्रामबागेत भाड्याचं घर बघताय, घराला बंद पार्किंग नाही आणि नवी कार रात्री दारासमोर रस्त्यावरच राहणार. इथं गाड्या चोरीला जातात का, घरफोड्या होतात का? मी बावीस वर्षं याच भागात राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कारची काळजी थोडी कमी करा आणि दुचाकीची जास्त करा. एवढ्या वर्षांत आमच्या गल्लीतल्या कोणाची कार गेलेली मला आठवत नाही. दुचाक्या तीन गेल्या. त्यातली एक आमची.

2023 सालची गोष्ट. सासूबाईंना दवाखान्यात दाखवायला नेलं होतं. यजमानांनी मोटारसायकल फाटकाबाहेर बाकीच्या गाड्यांच्या रांगेत लावली, हँडल लॉक केलं. तासाभरानं बाहेर येऊन बघतो तर जागा रिकामी. अशा ठिकाणी चोराला काही विशेष करावंच लागत नाही. एक जोराचा हिसका दिला की हँडल लॉक तुटतं, स्विचच्या वायरी जोडून गाडी डायरेक्ट करायची की झालं. गाडी जुनी असेल तर स्विच इतका झिजलेला असतो की दुसऱ्याच गाडीची किल्लीसुद्धा चालते. एसटी स्टँड, बाजार, मंगल कार्यालय, दवाखाना, जिथं माणसं गडबडीत असतात आणि कोणाची गाडी कोण काढतंय हे कोणी बघत नाही, तिथूनच गाड्या जातात.

खरा धक्का पुढं बसला. आम्ही निर्धास्त होतो, कारण गाडीचा पाच वर्षांचा विमा होता. कागद काढून बघितले तेव्हा कळलं की पाच वर्षं आहेत ती थर्ड पार्टीची, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणाऱ्या विम्याची. सप्टेंबर 2018 पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा आणि कार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. चोरीची भरपाई त्यातून मिळत नाही. ती मिळते ओन डॅमेज भागातून, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यातून, आणि तो भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. आमचा तो भाग 2022 मध्येच संपला होता आणि आम्ही नूतनीकरण केलंच नव्हतं. एक रुपयासुद्धा मिळाला नाही. म्हणून कळकळीनं सांगते, हे वाचून झालं की लगेच तुमची पॉलिसी उघडा आणि ओन डॅमेज कोणत्या तारखेपर्यंत आहे ते बघा. कारचंही आणि दुचाकीचंही.

दुसरी गोष्ट किल्लीची. चोरीचा दावा केला की विमा कंपनी गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागते. एकच असेल तर दुसरी कुठं गेली, गाडीलाच राहिली होती का, अशी चौकशी सुरू होते आणि दावा अडकतो. घर हलवताना नेमकी ही जादा किल्लीच हरवते. कुठल्या तरी खोक्यात, ड्रॉवरमधल्या सटरफटर सामानात जाते आणि दोन वर्षं सापडत नाही. तेव्हा जादा किल्ल्या, आरसी, पॉलिसी आणि दागिन्यांच्या पावत्या टेम्पोत टाकू नका, स्वतःच्या हातातल्या पिशवीत ठेवा. दागिने तर टेम्पोत नकोच. पेठ नाक्याला वळून आष्ट्यावरून याल, वाटेत चहाला थांबालच. तेव्हा भरलेल्या कारमध्ये घरातलं एक माणूस बसू दे.

गाडी गेलीच तर त्याच दिवशी 112 ला फोन करा आणि पोलीस ठाण्यात जा. नुसता अर्ज देऊन परत येऊ नका, एफआयआर नोंदवा. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू झालेत. चोरी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली येते, आणि हद्द कोणतीही असली तरी फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. विमा कंपनीलाही लगेच कळवा, उशीर झाला की तेच निमित्त होतं. तपास लागला नाही तर पोलीस न्यायालयात ‘अ’ समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा आहे पण चोर सापडला नाही असा अहवाल. तो कागद दाव्याला लागतो, त्यामुळं पाठपुरावा सोडायचा नाही.

आमची गाडी आठ महिन्यांनी सापडली. चोरट्यानं एचएसआरपी प्लेट, म्हणजे सहज काढता न येणारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, तोडून साधी पाटी लावली होती. एप्रिल 2019 नंतरच्या गाडीला कंपनीकडूनच एचएसआरपी येते, त्यामुळं नव्या मॉडेलला साधी पाटी दिसली की नाकाबंदीत संशय येतो, आणि तिथंच ती पकडली. ज्याच्याकडं मिळाली त्या माणसानं ती ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून स्वस्तात घेतली होती. इंजिन आणि चेसिस नंबरवरून आमचं नाव निघालं. तरी गाडी लगेच हातात येत नाही. ती मुद्देमाल असते, न्यायालयात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळून ठेवू आणि मागितली की हजर करू अशा लेखी हमीवर, सोडवावी लागते. परत मिळाली तेव्हा बॅटरी नव्हती आणि टाकी गंजली होती. तेव्हापासून पुढच्या चाकाला डिस्क लॉक लावल्याशिवाय आम्ही गाडी सोडत नाही. चोराला रांगेतली सोपी गाडी हवी असते, आपली सोपी नसली पाहिजे.

कार रस्त्यावर लावणार असाल तर खांबावरच्या दिव्याखाली आणि कोणाच्या तरी कॅमेऱ्यासमोर लावा. इथं कारला धोका आहे तो काच फोडून बॅग नेण्याचा. सीटवर लॅपटॉपची रिकामी बॅगसुद्धा दिसू देऊ नका. बँकेतून रोकड काढून निघालात आणि कोणी ‘तुमचे पैसे पडलेत’ किंवा ‘ऑईल गळतंय’ म्हणालं तर खाली उतरू नका, गाडी पुढं वर्दळीच्या ठिकाणी नेऊन मग बघा. घरात वडीलधाऱ्या बायका असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की ‘पुढं चोरी झालीय, दागिने काढून पिशवीत ठेवा’ असं सांगणारा पोलीस खरा नसतो.

आता घर. इथल्या पेपरात नेहमीचं वाक्य असतं, ‘बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून’. आणि ते खरंच तसंच होतं. बाहेरून दिसणारं कुलूप म्हणजे घरात कोणी नाही अशी पाटीच. त्यामुळं दाराला आतल्या बाजूचं लॅच असलेलं घर घ्या, नसेल तर घरमालकांना विचारून बसवून घ्या. दिवाळी, मे महिना, गावची जत्रा, तुम्ही पुण्याला जाल ते हेच दिवस, आणि चोरांनाही ते माहीत असतात. आमच्या समोरचे काका-काकू गावाला गेले की मी संध्याकाळी त्यांच्या अंगणातला दिवा लावते, दारातलं दूध आणि पेपर उचलते, आणि त्या आमचं बघतात. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात दोन-तीन घरी जाऊन ओळख करून घ्या. पुण्यातल्या सोसायटीत वॉचमन असतो, आमच्याकडं शेजारच्या काकूच सगळ्यांवर लक्ष ठेवतात. त्यांनी ‘कुठनं आलात, गाव कुठलं’ असं विचारलं तर राग मानू नका.

भाडेकरार नोंदणीकृतच करा. कायद्यानं ती जबाबदारी मालकांची आहे, पण भाडेकरूनं आग्रह धरावा लागतो. तुमची माहितीही त्यांना पोलीस ठाण्यात द्यायला सांगा. आरसीवरचा पत्ता बदलल्याचं आरटीओला तीस दिवसांत कळवायचं असतं, ते मागं टाकू नका, कारण गाडी सापडल्यावर पोलीस त्याच पत्त्यावर येतात.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. माझ्या ओळखीत चोरीनं गेल्या त्यापेक्षा जास्त गाड्या 2019 च्या पुरानं नेल्या. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे, त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. विश्रामबाग उंचावर आहे, पण स्वस्त मिळतंय म्हणून सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड या बाजूला घर बघाल तर पाणी कुठपर्यंत आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा. पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून बघायची नाही, इंजिनात पाणी जाऊन ते कायमचं बसतं आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान धरत नाहीत. कारच्या पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शन वेगळं घेतलंय का, तेही तारीख बघताना बघून घ्या.

घर नक्की झालं की गल्लीचं नाव लिहा. त्या बाजूला ओळखीचं कोणी असेल तर रात्री तिथं गाडी कुठं लावता येईल ते विचारून सांगते.