शूटिंग करा, पण पाठलाग नको

प्रश्न : ताई नमस्कार. मी रोज सकाळी मुलीला स्कूटीवरून शाळेत सोडते, आमच्या चौकात रोजचंच झालंय, पुढचा यू-टर्न लांब पडतो म्हणून सरळ राँग साइडने गाड्या घुसतात. मागच्या आठवड्यात एक कार मुलीच्या गुडघ्याला घासून गेली, लागलं नाही पण ती दोन दिवस स्कूटीवर बसायला तयार नव्हती. तेव्हापासून तिला सोडून झालं की मी दहा मिनिटं कडेला थांबून मोबाईलवर शूट करते. परवा एकाने कार थांबवली, खाली उतरला आणि "डिलीट कर आधी" म्हणून अंगावर आला. नवरा म्हणतो कशाला नादी लागतेस. यात चूक काय आहे? आणि उपयोग तरी होतो का?
(वाचक, सिंहगड रोड, पुणे)

उत्तर : ताई, सगळ्यात आधी हे सांगते की तुमचं काहीही चुकलेलं नाही. सार्वजनिक रस्त्यावरून चाललेल्या गाडीचं शूटिंग करू नये असा कुठलाही कायदा नाहीये आणि डिलीट कर म्हणायचा त्या माणसाला काडीचा अधिकार नाही. पण तुमच्या मिस्टरांची काळजीही मला खरी वाटते, म्हणून पहिली गोष्ट, यापुढे फोन हात उंच करून धरू नका आणि एकट्या थांबू नका, शाळेतली आणखी एक-दोन पालक सोबत घ्या. कोणी अंगावर आला तर वाद घालत बसायचं नाही, माणसं असतील तिथे सरकायचं आणि 112 लावायचा.

उपयोगाचं विचाराल तर होतो, पण व्हिडिओ कुठे जातो त्यावर सगळं आहे. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये सिग्नल तोडणं, गाडी चालवताना हातात मोबाईल धरणं, आणि तुमच्या चौकातलं ते उलट दिशेने घुसणं, हे सगळं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलंय, पहिल्या वेळेला 1000 ते 5000 रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते. आणि ड्रायव्हरचा चेहरा दिसायलाच हवा असं नाही, कलम 133 प्रमाणे पोलिसांनी विचारलं की गाडी कोण चालवत होतं ते मालकाला सांगावंच लागतं. म्हणजे तुम्हाला माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा न्यायची गरजच नाही, नंबर प्लेट, जागा आणि चूक एवढं एका फ्रेममध्ये आलं की झालं. घटनेच्या आधीचे आणि नंतरचे दहा-पंधरा सेकंद पण राहू द्या, नाहीतर समोरचा म्हणतो अँब्युलन्सला वाट देत होतो आणि आपल्याकडे दाखवायला काही नसतं. पुणे पोलिसांचं पीटीपी ट्रॅफकॉप अ‍ॅप आहे त्यावर तक्रार टाका आणि मूळ फाइल फोनमध्ये जपून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली नाही. तिथे क्वालिटी मार खाते, प्लेट वाचता येत नाही, आणि प्रकरण कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 प्रमाणे तो व्हिडिओ कुठल्या फोनवर, कसा काढला याचं सर्टिफिकेट द्यावं लागतं, तेव्हा मूळ फाइल हाताशी असलेली बरी.

आता एक गोष्ट मी अजून कुणाला नीट सांगितली नव्हती. काही वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मी एका स्कूल व्हॅनचा व्हिडिओ काढला. ड्रायव्हर एका हाताने फोनवर बोलत भर चौकात वळत होता, मागे पोरं कोंबलेली. मला इतका संताप आला की मी तो थेट सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली नंबर टाइप करून. आदल्या दिवशीच्या पूजेचा झेंडूचा हार वाळून प्लेटवर लोंबत होता, शेवटचा आकडा मी 3 वाचला, तो 8 होता. संध्याकाळपर्यंत 3 वाल्या व्हॅनच्या काकांना शाळेच्या गेटवर आठ-दहा पालकांनी घेरलं. ते बिचारे फोनचा कॉल लॉग उघडून एकेकाला दाखवत होते, बघा हो ताई मी त्या वेळेला कुणाशी बोललोच नाही. मी घरी जाऊन माफी मागितली, ते "असू दे" म्हणाले, पण तीन पालकांनी तोवर मुलं दुसऱ्या व्हॅनला लावली होती, ती परत आली नाहीत. आणि 8 वाल्या व्हॅनला कोणी काहीच विचारलं नाही, कारण पोलिसांकडे मी तक्रार केलीच नव्हती ना.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे, व्हिडिओ पोलिसांकडे, ग्रुपवर नाही. पोलीस तो नंबर गाडीच्या रेकॉर्डशी ताडून बघू शकतात, रंग, मॉडेल, मालक, ग्रुपवर फक्त राग असतो. बाहेरही असंच करतात, वेल्समध्ये 2016 साली नॉर्थ वेल्स पोलिसांनी ऑपरेशन स्नॅप सुरू केलं, लोक डॅशकॅमचे, म्हणजे गाडीत पुढे लावलेल्या कॅमेऱ्याचे, आणि सायकलवरच्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ वेबसाइटवर पाठवतात, सोबत स्वतःचं नाव आणि जबाब द्यावा लागतो, वेळ आली तर कोर्टात यायची तयारी लागते. तिकडे चौदा दिवसांत गाडीमालकाला नोटीस पाठवावी लागते म्हणून लोकही लगेच पाठवतात. असं मुदतीचं बंधन आपल्या तक्रारींनाही हवं असं मला मनापासून वाटतं, कारण तक्रार टाकून महिनाभर काही कळलं नाही की चांगला माणूसही कंटाळून सोडून देतो.

आणि ताई, तो चौक रोजचाच असेल तर नुसत्या गाड्यांच्या तक्रारी करू नका. आठवडाभराचे व्हिडिओ तारीखवार लावून वाहतूक विभागाला आणि महापालिकेला एक अर्ज द्या की यू-टर्न लांब असल्याने इथे रोज हे होतं, दुभाजकाचं किंवा सिग्नलचं काहीतरी करा. एका गाडीला दंड होईल, उद्या दुसरी येईल, मुलगी तर रोज तिथूनच जाणार आहे.

प्रश्न : आमच्याकडे 2017 ला ट्रॅफिक सेंटिनल स्कीम आली, फोटो पाठवा, पॉइंट मिळवा, पैसे मिळवा. गावात लोक एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. बक्षीस द्यावं की नको, तुमचं मत सांगा.
(वाचक, म्हापसा, गोवा)

उत्तर : दादा, माझं मत नको असंच आहे. दिल्ली पोलिसांच्या ट्रॅफिक प्रहरी या अशाच तक्रारींच्या अ‍ॅपवर महिन्याचं पहिलं बक्षीस 50,000 रुपये आहे, व्हिएतनामने तर 2025 पासून दंडाच्या 10 टक्क्यांपर्यंत रक्कम माहिती देणाऱ्याला द्यायची सोय केली. पण पैसा आला की माणूस सोपं सावज शोधतो, विना-हेल्मेट दुधवाला चौकात उभ्या उभ्या सापडतो, रात्री ऐंशीने येणारा डंपर सापडत नाही, आणि माणसं मरतात ती त्या डंपरखाली. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. दिल्लीत 2010 साली पोलिसांनी फेसबुक पेज काढलं तेव्हा बक्षीस वगैरे नव्हतं तरी दोन-तीन महिन्यांत जवळपास 3000 फोटो आले, 665 जणांना दंड झाला, विना-हेल्मेट पोलीससुद्धा लोकांनी टिपले. लोकांना राग आहेच हो, त्याला दाम लावायची गरज नाही, तक्रारीचं पुढे काय झालं एवढा एक मेसेज आला तरी लोक पाठवत राहतील.

एक मात्र हात जोडून सांगते, अपघात झालेला दिसला तर आधी फोनवरून 108, शूटिंग नंतर. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतात ही भीती काढून टाका, मोटार वाहन कायद्याचं कलम 134अ त्याच्यासाठीच आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही.

प्रश्न : नवीन डॅशकॅम घेतलाय. कुठे लावू, काय काळजी घेऊ?
(वाचक, नागपूर)

उत्तर : आतल्या आरशाच्या मागे, नजरेच्या आड येणार नाही असा. कार्ड भरलं की जुनं पुसून नवीन रेकॉर्ड होतं, त्यामुळे काही घडलं तर त्याच दिवशी क्लिप काढून घ्या. चालवताना त्याला हात लावू नका, मागच्या सीटवरच्यालाही लावू देऊ नका. आणि आजच्या आज त्यातली तारीख-वेळ बरोबर आहे का ते बघा, बॅटरी उतरली की बऱ्याच कॅमेऱ्यांत ती मागे जाते आणि मग सगळा व्हिडिओ चांगला असून तारखेवरून वाद होतो.