रात्रपाळीला एकट्या असलेल्या परिचारिकेने मदत कुठे मागावी?

प्रश्न : पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयातून मी भोर तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी स्टाफ नर्स म्हणून आले. तिथे शंका आली की सिनिअर सिस्टरना विचारता यायचे. इथे रात्री प्रसूतीची केस आली की डॉक्टर पोहोचेपर्यंत सारा भार माझ्यावर असतो. कधी नातेवाईकही अंगावर धावून येतात. प्रशिक्षण, नोंदणी आणि मनावरचा ताण, यांसाठी कोणाकडे जावे?
– एक वाचक, भोर

उत्तर : कुशल प्रसूती साहाय्याचे, म्हणजे एसबीएचे, २१ दिवसांचे प्रशिक्षण झाले नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा आणि आवक क्रमांक घातलेली प्रत जपून ठेवा, तोंडी विनंती मासिक सभेच्या गडबडीत विरून जाते. कंत्राटी आहात म्हणून संकोच करू नका, कारण प्रसूतिगृहातील जबाबदारी कायम कर्मचाऱ्याइतकीच तुमच्यावर आहे.

प्रशिक्षण मिळाले तरी हात सरावात राहिला पाहिजे. पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून, जन्मानंतर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचे, म्हणजे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाचे, १० युनिट स्नायूत द्यायचे, हे आपण सगळ्याच जणी पाठ म्हणून दाखवतो. पण ते इंजेक्शन फ्रिजमध्ये आहे का, हे पाळी हाती घेतानाच पाहिलेले असावे लागते. गर्भवतीला झटके आले तर रेफर करण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही नितंबांत प्रत्येकी ५ ग्रॅम, द्यायचा असतो. एका अँप्युलमध्ये १ ग्रॅम, म्हणजे दहा अँप्युल फोडायचे. ते ट्रेमध्ये मोजून ठेवलेले नसतील तर नेमका तोच वेळ हातातून जातो.

महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांत नाव नोंदवण्यापूर्वी त्यांना परिषदेची मान्यता आहे का, ते तपासा.

नातेवाइकांचा त्रास मुकाट्याने सोसू नका. महाराष्ट्राच्या २०१० च्या वैद्यकीय सेवा संरक्षण कायद्यात परिचारिकांचाही समावेश आहे आणि हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घटना त्याच पाळीत रजिस्टरमध्ये लिहा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवून पोलिसांत तक्रार द्या. झोप उडाली असेल, कामावर जायचीच धास्ती वाटत असेल, तर १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते.

तरीही सिनिअर सिस्टरची उणीव फोनवर भरून निघत नाही, असे माझे ठाम मत आहे. तालुक्यातील मासिक सभा आकड्यांच्या अहवालातच संपतात. त्यांतील अर्धा तास आरोग्य सहायिका आणि शेजारच्या केंद्रांतील परिचारिकांनी मिळून महिन्यातील अवघड केसवर, कोणालाही दोष न देता, बोलण्यासाठी राखून ठेवावा, ही मागणी प्रशिक्षणाच्या अर्जातच घाला आणि त्यावर इतर केंद्रांतील परिचारिकांच्याही सह्या घ्या.