वाचकांचे प्रश्न: अमेरिकेत गाडीने फिरायचंय, पण खिसा सांभाळून

सुट्टीचे बेत सुरू झाले की सांगली-साताऱ्याकडून येणाऱ्या प्रश्नांमध्ये अमेरिका हमखास असतेच, कारण आता जवळजवळ प्रत्येक गल्लीतलं कुणी ना कुणी तिकडं आहे. यावेळी बहुतेकांनी एकच विचारलंय, की टूर कंपनीबरोबर न जाता आपणच गाडी घेऊन कमी पैशात कसं फिरायचं. त्यातले काही प्रश्न निवडलेत.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): ताई, आम्ही चौघं, मुलं 14 आणि 11 वर्षांची. व्हिसा आहे, तिकिटंही काढलीत, जाणं-येणं लॉस एंजलिसहून. पंधरा दिवसांत ग्रँड कॅनियन, सॅन फ्रान्सिस्को, यलोस्टोन आणि नायगारा एवढं सगळं गाडीनेच करायचं असं मिस्टरांनी ठरवलंय. बजेट बेताचं आहे. जमेल का?

उत्तर: ताई, स्पष्टच सांगते, नाही जमणार, आणि ओढूनताणून जमवलंत तरी मजा येणार नाही. नकाशा एकदा मोठा करून बघा. लॉस एंजलिस ते नायगारा नुसतं एका बाजूचं अंतर चार हजार किलोमीटर आहे, म्हणजे पंधरातले निम्मे दिवस मुलं मागच्या सीटवर आणि तुम्ही दोघं आलटून पालटून स्टिअरिंगवर. आणि खर्च वाढतो तो इथेच, हॉटेल महाग म्हणून नाही, तर रोज नवीन गाव, रोज नवीन खोली, रोज बाहेरचं खाणं आणि वर गॅस. (पेट्रोलला तिकडं गॅस म्हणतात, आता तसंच लिहिते.) बजेट कमी असेल तर पहिली कात्री किलोमीटरना लावायची, खोलीच्या दर्जाला नाही, हे माझं ठाम मत आहे.

तर नायगारा आणि यलोस्टोन यावेळी सोडा, सॅन फ्रान्सिस्कोही सोडा. लॉस एंजलिसला गाडी घ्या आणि तिथेच परत करा, कारण एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडली की वेगळा चार्ज लागतो आणि तो कधीकधी गाडीच्या भाड्याइतका असतो. पहिला टप्पा लास वेगास, साधारण 270 मैल. तिथे सोमवार ते गुरुवारमध्ये मुक्काम करा, शुक्रवार-शनिवारी त्याच खोलीचे दर भरमसाट वाढतात, आणि बुक करताना रिसॉर्ट फी (खोलीच्या दरावर हॉटेल वेगळी लावतं ती) धरून एकूण किती होतात तेच बघा. तिथून झायन 160 मैल, झायनहून ब्राइस कॅनियन 85 (हे दोन्ही नॅशनल पार्क), ब्राइसहून पेज नावाचं गाव 150, पेजहून ग्रँड कॅनियनचा साउथ रिम म्हणजे दक्षिण कडा 135 आणि मग परत. मैलाला 1.6 ने गुणलं की आपले किलोमीटर. इकडचं तिकडचं धरून सगळा फेरा 1500 मैलांच्या आत बसतो, आणि दहा दिवसांत निवांत होतो. उरलेले दिवस लॉस एंजलिसला ठेवा, समुद्र आहे, मुलं खूश होतील.

आता पार्कच्या तिकिटांचं नीट वाचा कारण इथे नियम बदललेत. 2026 पासून परदेशी पाहुण्यांना ग्रँड कॅनियन, झायन, ब्राइस, योसेमिटी, यलोस्टोन अशा 11 गर्दीच्या पार्कांत नेहमीच्या तिकिटावर माणशी 100 डॉलर जादा आहेत, 16 वर्षांखालच्या मुलांना नाहीत. म्हणजे तुम्ही दोघं, तीन पार्क, नुसते जादाचेच 600 डॉलर झाले, शिवाय गाडीचं तिकीट प्रत्येक ठिकाणी 35. त्याऐवजी परदेशी लोकांसाठीचा वर्षाचा पास 250 डॉलरला आहे, तो काढला की जादाचे 100 लागत नाहीत आणि गाडीतली सगळी आत जातात. जुन्या व्हिडिओंमध्ये 80 डॉलरचा पास सांगतात, तो आता तिथल्या रहिवाशांसाठी आहे, तेव्हा त्या भरवशावर निघू नका.

माझा हिशोब असा: गाडी इन्शुरन्ससकट साधारण 650 ते 700, गॅस 200, खोल्या कर धरून 1000, खाणंपिणं 550, पास 250. झाले 2700 च्या आसपास, डॉलर नव्वद रुपये धरला तर चौघांचे अडीच लाखाच्या आत. खोली घेताना 'दोन क्वीन बेड' अशी बघा, त्यात चौघं आरामात झोपतात आणि एकाच खोलीचे पैसे. झायनच्या दारातल्या स्प्रिंगडेलमध्ये आणि ग्रँड कॅनियनच्या दारातल्या टुसायनमध्ये दर चढे असतात, त्याऐवजी कनाब आणि विल्यम्स ही गावं धरा. कनाबमध्ये तीन रात्री काढल्या तर झायन, ब्राइस, पेज तिन्हीकडे दिवसाला जाऊन येता येतं, बॅगा रोज भरायला नकोत, आणि हे सुख मुलं बरोबर असताना किती मोठं असतं ते आईलाच कळतं!

झायनमध्ये मुख्य दरीत वर्षातला बराच काळ स्वतःची गाडी नेता येत नाही, पार्कची शटल बस असते, ती फुकट. सकाळी लवकर पोचा, नाहीतर पार्किंग भरतं. ब्राइसला सूर्योदय सोडू नका, लाल-केशरी दगडांचे हजारो सुळके उभे असतात आणि ऊन खाली खाली उतरत जातं तसा त्यांचा रंग बदलतो. जून असला तरी स्वेटर घ्या, ते ठिकाण आठ हजार फुटांच्या वर आहे. पेजला हॉर्सशू बेंड बघा, कोलोरॅडो नदी खाली घोड्याच्या नालेसारखी वळलेली दिसते, पार्किंगचे 10 डॉलर सोडले तर काही लागत नाही. अँटेलोप कॅनियन मात्र नवाहो या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या जमिनीवर आहे, तिथे गाइडबरोबरच जावं लागतं, पार्कचा पास चालत नाही आणि माणशी खर्च बराच आहे, बजेट ताणत असेल तर ते खुशाल गाळा.

परत येताना विल्यम्सहून पुढे सेलिगमन ते किंगमन असा जुना रूट 66 चा तुकडा लागतो, तोच रस्ता घ्या. 1926 साली शिकागो ते लॉस एंजलिस असा आखलेला हा हायवे, 1985 ला सरकारी यादीतून गेला, पण त्या गावांनी तो जपून ठेवलाय, जुने गॅस पंप, जुन्या गाड्या, हे सगळं बघायला पैसे लागत नाहीत.

प्रश्न (मिरज): माझं लायसन्स महाराष्ट्राचं आहे. तिकडे चालेल का, आणि उजव्या बाजूने गाडी चालवायची भीती वाटते.

उत्तर: दादा, इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या, सांगलीच्याच आरटीओकडून मिळतं. सारथी पोर्टलवर फॉर्म 4ए, पासपोर्ट, व्हिसा, चालू लायसन्स, फी 1000 रुपये, एक वर्ष चालतं. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात पर्यटकाला आपल्या मूळ लायसन्सवर चालवता येतं, पण काउंटरवरचा माणूस किंवा रस्त्यावरचा पोलिस प्रत्येक वेळी आपलं कार्ड ओळखेलच असं नाही, म्हणून दोन्ही जवळ ठेवा. डिजीलॉकरवर विसंबू नका, कार्ड हातात पाहिजे. क्रेडिट कार्डही गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं पाहिजे, त्यावर डिपॉझिट अडकवतात. इन्शुरन्सचे दोन भाग असतात, एक भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचा आणि दुसरा आपल्यामुळे समोरच्याचं झालेल्या नुकसानीचा. दोन्ही धरलेलं बुकिंग इथूनच करा म्हणजे काउंटरवर घाईत काही गळ्यात पडणार नाही. इथे पैसे वाचवायला जाऊ नका, बाकी कुठेही वाचवा.

उजव्या बाजूची सवय तासाभरात होते, गाडी ऑटोमॅटिक असते, क्लच नाही. खरी गोची चौकात होते. चारही बाजूंना लाल 'स्टॉप'ची पाटी असेल तर प्रत्येकाने पूर्ण थांबायचं, म्हणजे चाक फिरायचं बंद झालं पाहिजे, आणि जो आधी येऊन थांबला तो आधी जाणार. समोर कुणी नसलं, रात्रीचे दोन वाजले असले, तरी थांबायचं. हॉर्न नाही, दिवा मारणं नाही, सगळे शांतपणे आपापली पाळी बघतात. लाल सिग्नलला पूर्ण थांबून, रस्ता मोकळा बघून उजवीकडे वळता येतं, पाटी लावून मनाई केली नसेल तर. न्यूयॉर्क शहरात मात्र पाटी लावून परवानगी दिली नसेल तर मनाईच आहे. पिवळी स्कूलबस लाल दिवे चमकवत उभी असेल तर मागच्याने थांबायचंच आणि मधे दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यानेही. आणि पोलिसाने थांबवलं तर गाडीतून उतरायचं नाही, आपल्याकडे आपण लगेच उतरून त्याच्याकडे जातो, तिकडे ते धोक्याचं समजतात. काच खाली करा, हात स्टिअरिंगवर, तो येईल.

प्रश्न (विटा): आम्ही शुद्ध शाकाहारी. रोज हॉटेलात खाणं परवडणार नाही, काय न्यावं बरोबर?

उत्तर: मोटेलच्या खोलीत बहुतेक ठिकाणी छोटा फ्रीज आणि मायक्रोवेव्ह असतो, बुक करताना खात्री करून घ्या, तिथेच अर्धा प्रश्न सुटतो. इथला इलेक्ट्रिक कुकर नेऊ नका, तिकडं वीज 120 व्होल्टची, आपला 230 वाला नीट तापतच नाही. वॉलमार्टमध्ये वीसेक डॉलरला छोटा राइस कुकर मिळतो, मूगडाळ-तांदळाची खिचडी त्यात अर्ध्या तासात होते, वर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. खोलीत असा कुकर चालेल का ते मात्र रिसेप्शनला विचारून घ्या, आणि फोडणी अजिबात देऊ नका, धुराचा अलार्म लगेच वाजतो.

सकाळचा नाश्ता ज्या मोटेलात फुकट आहे तेच धरा, ब्रेड, सीरियल, केळी, वॉफल एवढं तरी असतंच आणि मुलं पोटभर खाऊन निघतात. दुपारी ब्रेड, काकडी, टोमॅटो, चीज आणि आपली चटणी, हायवेच्या रेस्ट एरियात बाक असतात, स्वच्छ टॉयलेट असतं, सगळं फुकट. बाहेर खायचंच तर मेक्सिकन फास्ट फूडच्या दुकानात मांसाऐवजी बीन्स घालून मागता येतं, चवीलाही आपल्या जवळचं. वाढपी टेबलावर आणून देतो अशा हॉटेलात 15 ते 20 टक्के टिप आणि वर कर, तो खर्च मेनूत दिसत नाही.

सामानात ताजी फळं-भाज्या नकोत, कच्चे तांदूळ नकोत, दुधाचे पदार्थही टाळा, म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे इथेच खाऊन जा. मसाले, चटण्या, लोणचं असं जे न्याल ते विमानतळावर फॉर्ममध्ये किंवा विचारल्यावर खरं सांगा. सांगितलेली वस्तू नको असेल तर फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड होतो.

प्रश्न (सदर बझार, सातारा): मुलगा शार्लटला असतो. आम्ही दोघं पासष्टीच्या पुढचे. त्याला सुट्टी फार नाही, तीन-चार दिवसांत काय होईल?

उत्तर: काका-काकू, तुमच्यासाठी तर ब्लू रिज पार्कवेसारखं दुसरं काही नाही. नॉर्थ कॅरोलिना आणि व्हर्जिनियातून डोंगराच्या धारेवरून जाणारा 469 मैलांचा रस्ता, टोल नाही, तिकीट नाही, ट्रकना बंदी आणि वेग फार तर ताशी 45 मैल. यवतेश्वरवरून कासला जाताना जसं दोन्हीकडे दरी दिसत राहते ना, तसं दिवसभर चालू असतं. शार्लटहून दोनेक तासांत तुम्ही अ‍ॅशव्हिलजवळ पोचता. सगळा रस्ता करायचा हट्ट नको, पन्नास-साठ मैलांचा एक तुकडा घ्या आणि दिसेल त्या कठड्यापाशी गाडी थांबवा. माउंट मिचेलला जरूर जा, 6684 फूट, मिसिसिपी नदीच्या पूर्वेला एवढं उंच शिखर दुसरं नाही, वरपर्यंत गाडी जाते आणि शेवटची वाट थोडीच आहे.

सप्टेंबर 2024 च्या हेलीन वादळात हा रस्ता बऱ्याच ठिकाणी खचला होता, म्हणून निघायच्या दिवशी मुलाला पार्कच्या साइटवर कुठला भाग उघडा आहे ते बघायला सांगा. ऑक्टोबरात पानं रंगतात तेव्हा शनिवार-रविवारचे दर दुप्पट होतात, मधल्या वारी गेलात तर तोच रंग निम्म्या पैशात. आणि दोघांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स इथूनच, आधीच्या आजारांसकट काढा, तिकडच्या दवाखान्याचं एक बिल सगळ्या ट्रिपपेक्षा मोठं असतं.

प्रश्न (कराड, सध्या टेंपी, अ‍ॅरिझोना): आम्ही चार मित्र शिकतोय, सगळे 23-24 चे. आरव्ही म्हणजे घरासारखी मोठी गाडी घेतली तर स्वस्त पडेल का?

उत्तर: नाही रे, ती दिसते स्वस्त. भाडं रात्रीचं दीड-दोनशे डॉलर, मैलांचे वेगळे, गॅस साध्या कारच्या तिप्पट पितो आणि उभी करायची जागाही विकतच. साधी कार आणि तंबू घ्या. 25 च्या आतल्या ड्रायव्हरला भाड्याच्या गाडीवर दिवसाला जादा फी लागते, म्हणून चौघांची नावं ड्रायव्हर म्हणून घालू नका. पार्कमधल्या कॅम्पच्या जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर महिनेच्या महिने आधी जातात, पण पार्कच्या बाहेर बीएलएम या सरकारी खात्याची जमीन असते, तिथे बऱ्याच ठिकाणी 14 दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. पाणी, टॉयलेट काही नसतं, सगळं आपलं. उन्हाळ्यात डेथ व्हॅलीकडे फिरकू नका, 1913 साली तिथे 56.7 अंश नोंदलंय आणि आजही जुलैत पन्नासच्या आसपास जातं.

प्रश्न (वाई): फोन, नकाशे आणि गॅस पंपावरचं पेमेंट, याचं काय करायचं?

उत्तर: पार्कच्या आसपास रेंज जाते, नकाशा वायफायवर असतानाच ऑफलाइन उतरवून ठेवा. पंपावर मशीन पाच आकडी झिपकोड (तिकडचा पिनकोड) मागतं आणि आपलं कार्ड नाकारतं, अशा वेळी आत दुकानात जाऊन पंपाचा नंबर सांगायचा आणि 'चाळीस डॉलरचं' म्हणून आधी पैसे द्यायचे, कमी भरलं तर उरलेले परत मिळतात. 87 लिहिलेलं रेग्युलर भरा, हिरवा पाइप बहुतेक ठिकाणी डिझेलचा असतो. कॅलिफोर्नियात गॅस महाग आहे, नेवाडा-अ‍ॅरिझोनातून टाकी भरून आत या.

आणि वेळेचं बघा. उन्हाळ्यात युटा अ‍ॅरिझोनाच्या एक तास पुढे असतं, कारण अ‍ॅरिझोना घड्याळ बदलत नाही, पण त्याच राज्यातला नवाहो भाग बदलतो. पेजच्या आसपास फोनवरची वेळ आपोआप मागेपुढे उड्या मारते. अँटेलोपची टूर पेजच्या म्हणजे अ‍ॅरिझोनाच्या वेळेवर निघते, तेव्हा फोनची आपोआप वेळ बंद करून हाताने लावा आणि अर्धा तास आधी पोचा.