गर्भविकास शिकायला बसताना

जनुकांची नावं घोकत बसू नकोस. माणसात आणि उंदरात हॉक्स गटाची, म्हणजे गर्भाच्या कुठल्या भागात काय घडायचं हे ठरवणारी, 39 जनुकं आहेत. ती पाठ करून हाती काही लागत नाही. प्रत्येक जनुकाला विचार: कुठे, कधी आणि किती वेळ चालू असतं?

गोव्यात सिकेरीहून होडीतून डॉल्फिन पाहिले असशीलच. त्यांना मागचे पाय नसतात. पण गर्भात त्या पायांचे अंकुर फुटतात! थोडे वाढतात आणि जिरून जातात. ठिपकेदार डॉल्फिनच्या गर्भांवरचं 2006 सालचं संशोधन जरूर वाच: त्या अंकुरांत 'सॉनिक हेजहॉग' जनुक चालूच होत नाही. उंदरात तेच जनुक अंकुराच्या करंगळीकडच्या कडेला चालू होतं आणि बोटं किती, कोणती हे ठरवायला लागतं. त्याचं बटण, म्हणजे ते चालू करणारा डीएनएचा तुकडा, जनुकाजवळ नाहीच. माणसात ते डीएनएची सुमारे दहा लाख अक्षरं दूर, दुसऱ्याच जनुकाच्या पोटात आहे, आणि तिथे एक अक्षर बदललं तरी जादा बोट येऊ शकतं. इथे हवा तेवढा वेळ घालव, मला तर हा भाग कितीदाही शिकवायला आवडतो.

फासळ्यांचंही बघ. हॉक्सपैकी 10 क्रमांकाची तिन्ही जनुकं निकामी केलेल्या उंदरांना कमरेच्या मणक्यांवरही फासळ्या आल्या. म्हणजे ती जनुकं तिथे फासळी येऊ देत नाहीत.

वहीत आधी अंकुराचं चित्र पेन्सिलीने काढ, अंगठ्याची नि करंगळीची बाजू लिही, मगच जनुकं रंगव. पेशींमधल्या संदेशवहनाच्या मोठमोठ्या आकृत्या पुढच्या सत्रात बघू.