ब्रँड बदलायचाय? आधी पिशवी उलटी करून वाचा

प्राण्यांविषयी वाचकांचे प्रश्न आणि पशुवैद्यांची उत्तरं

गेल्या अंकात गोचिडींवर लिहिलं होतं, पण या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं तयार डॉग फूडबद्दलची आहेत. दवाखान्यातही इंजेक्शन देऊन झालं की दाराशी जाता जाता तोच प्रश्न येतो, ‘डॉक्टर, कुठलं फूड चांगलं?’ घाईत दिलेल्या उत्तराने कुणाचं भलं होत नाही, म्हणून हा सगळा अंक त्यालाच देते आहे.

प्रश्न : आमचा ब्रूनो चार वर्षांचा लॅब्रेडॉर आहे. नसबंदी झाली आहे, वजन ३९ किलो. लहानपणापासून पेडिग्री खायचा. सोसायटीतल्या एकांनी सांगितलं म्हणून पिशवी संपल्यावर एकदम महागातलं फूड सुरू केलं. दुसऱ्याच दिवशी जुलाब. घाबरून तिसरं आणलं, तेही सोसलं नाही. सध्या दहीभातावर आहे. सकाळी चहाच्या वेळी त्याला तूप लावलेल्या दोन पोळ्या लागतात, त्या मात्र छान पचतात. त्याला नेमका कुठला ब्रँड सोसेल? — एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : ‘सोसलं नाही’ असं म्हणण्याइतका वेळ त्या दोन्ही फूडना मिळालेलाच नाही. कुत्र्याच्या आतड्यातले जिवाणू रोजच्या खाण्याला सरावलेले असतात. प्रथिनं आणि चरबी एका दिवसात बदलली की न पचलेलं अन्न मोठ्या आतड्यात उतरतं, तिथे आंबतं, पाणी ओढतं आणि शी पातळ होते. एका रात्रीत बदललं, तर उत्तम फूडवरही असंच होऊ शकतं. त्यावर पुन्हा तिसरं आणलंत, तेव्हा आधीच बिघडलेल्या पोटावर दुसरा बदल आला.

दहीभात चार दिवसांसाठी ठीक आहे. महिनाभर तोच दिला तर प्रथिनं, कॅल्शियम, झिंक सगळंच कमी पडेल. शी दोन-तीन दिवस सलग घट्ट झाली की फूड सुरू करा. पहिले तीन दिवस पाव हिस्सा फूड आणि बाकी भात, पुढचे तीन दिवस निम्मं-निम्मं, मग पाऊण हिस्सा फूड, आणि दहाव्या दिवसापासून पूर्ण. एका ब्रँडवरून दुसऱ्यावर जातानाही हीच पद्धत, म्हणून नवी पिशवी जुनी संपायच्या आत आणायची. अधेमध्ये शी सैल झाली तर पुढे जाऊ नका, आदल्या टप्प्यावर परत या आणि तिथे दोन-तीन दिवस थांबा. नाजूक पोटाच्या कुत्र्याला यात तीन आठवडेही लागतात. शीमध्ये रक्त दिसलं, उलट्या थांबेनात किंवा तो मलूल पडून राहिला, तर मात्र प्रयोग थांबवून तपासायला न्या.

शी कशी बघायची, तेही सांगते. सकाळी फिरायला नेल्यावर तुम्ही ती कागदात उचलता, तेव्हा ती आकार धरून उचलली गेली पाहिजे आणि खाली जेमतेम डाग राहिला पाहिजे. खडखडीत कोरडीही नको. जाहिरातीपेक्षा ही सकाळची तपासणी तुम्हाला जास्त सांगेल.

आता ब्रँड. जुन्या फूडवर ब्रूनोची कांती, शी, उत्साह चांगला होता का? असेल तर बदलण्याचं कारणच नव्हतं, त्याच्यावरच परत जा. महागातल्या फूडमध्ये मांसाचा वाटा सहसा जास्त असतो, ते जास्त पचतं आणि शी कमी होते. परवडत असेल तर जरूर घ्या, पण दुप्पट किंमत म्हणजे दुप्पट पोषण नव्हे. पेडिग्री आणि रॉयल कॅनिन ही दोन्ही नावं मार्स या एकाच कंपनीची आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती ३९ या आकड्याची. लॅब नराचं वजन सर्वसाधारणपणे ३० ते ३६ किलोमध्ये असावं. ब्रूनोला ३२ वर आणायचं धरलं, तर त्याला दिवसाला साधारण ९४० किलोकॅलरी पुरतात. बहुतेक कोरड्या फूडमध्ये १०० ग्रॅमला ३३० ते ४०० किलोकॅलरी असतात. पिशवीवर ३६० लिहिलं असेल तर हिशेब दिवसाला २६० ग्रॅमचा होतो, तोही सगळं खाणं धरून. तूप लावलेल्या दोन पोळ्यांच्याच अडीचशेच्या आसपास होतात. म्हणजे दिवसाचा चौथा हिस्सा चहाबरोबरच संपला! त्याची सवय मोडू नका, पण तूप न लावलेली एकच लहान पोळी द्या आणि तेवढं फूड कमी करा. वरचं खाणं दिवसाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं.

आणि फूड मगाने मोजू नका. मी लोकांना घरचा मग दवाखान्यात आणायला सांगते आणि त्यांच्याच हाताने भरून काट्यावर ठेवते. त्याच मगात आई भरते तेव्हा ९० ग्रॅम, मुलगा शीग लावून भरतो तेव्हा १२५. ब्रँड बदलला की दाण्याचा आकार आणि कॅलरी दोन्ही बदलतात, मोजायचा मग मात्र तोच राहतो. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा वापरा.

लॅब उपाशी असल्यासारखा बघतो, यात त्याचा दोष नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. पण त्या नजरेला बळी पडू नका. ४८ लॅब्रेडॉरांना पिल्लू असल्यापासून अखेरपर्यंत जोड्या लावून सांभाळून प्युरिना या डॉग फूड कंपनीने एक अभ्यास केला होता, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणारे कुत्रे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले. एवढा फायदा मी कुठल्याही ब्रँडच्या नावावर सांगू शकत नाही.

प्रश्न : तीन महिन्यांचं गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू आणलंय. दुकानदाराने ग्रेन-फ्री (धान्य नसलेलं) फूड दिलं, शिवाय हाडं मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमचं सिरप. पिशवीवर इतकं काही लिहिलेलं असतं की कशावर विश्वास ठेवावा कळत नाही. — एक वाचक, सीवूड्स, नवी मुंबई

उत्तर : सिरप आजच बंद करा, अगदी आज. मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही. खाण्यातून आलेलं शोषलं जातं आणि हाडांची वाढ वेडीवाकडी होऊ शकते. पिल्लांच्या चांगल्या फूडमध्ये कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. त्यावर चमचाभर सिरप प्रेमाने दिलं जातं आणि पाय बाक धरायला लागल्यावर पिल्लू माझ्याकडे येतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे सहज टळण्यासारखं असतं.

पिशवीच्या पुढच्या बाजूला फोटो आणि मोठी अक्षरं असतात. आपल्या कामाचा मजकूर मागे, बारीक अक्षरांत. तिथे पहिल्यांदा ‘कंप्लीट अँड बॅलन्स्ड’ हे शब्द शोधा, आणि ते कोणत्या वयासाठी आहेत ते बघा. तुमच्या पिल्लासाठी ‘ग्रोथ’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ हवं, आणि मोठ्या जातींच्या वाढीचाही उल्लेख हवा. आफको, म्हणजे अमेरिकेतली पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना, पोषणाची कोष्टकं ठरवते. ती कुठल्याही पिशवीची तपासणी करत नाही की मान्यता देत नाही, त्यामुळे ‘आफको मान्यताप्राप्त’ असं कुणी म्हणालं तर तो दावा चूक आहे. युरोपात कोष्टकं ठरवण्याचं हेच काम फेडियाफ ही पशुखाद्य उद्योगाची संघटना करते. आफकोच्या कोष्टकात वाढीच्या वयाला प्रथिनं किमान २२.५ टक्के आणि वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला १८ टक्के लागतात. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी कॅल्शियमची कमाल मर्यादा १.८ टक्के आहे. कोष्टकात ३२ किलोच्या पुढे वाढणारी जात मोठी धरतात. गोल्डन त्या रेषेवरच येतो, म्हणून मी त्याला हाच नियम लावते.

हे सगळे टक्के पाणी वगळून मोजतात. पाऊचवर ८ टक्के प्रथिनं बघून नाक मुरडू नका. त्यात ८० टक्के पाणी असेल, तर उरलेल्या २० भागांत ८, म्हणजे ४० टक्के झाले. कोरड्या फूडमध्ये २४ टक्के प्रथिनं आणि १० टक्के पाणी असेल तर २७च्या आसपास. घटकांची यादीही वजनानुसार, पाण्यासकट असते. ताजं चिकन पहिल्या क्रमांकावर दिसतं, कारण त्यात दोन-तृतीयांशाहून जास्त पाणीच असतं. ‘चिकन मील’ म्हणजे वाळवून दळलेलं चिकन, त्याला कमी लेखायचं कारण नाही.

ग्रेन-फ्रीची तुमच्या पिल्लाला गरज नाही. भाताचा आणि कुत्र्याचा संबंध आपल्याकडे जुनाच आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. शिवाय धान्याच्या जागी वाटाणे, मसूर, बटाटे भरलेल्या फूडचा हृदयाचे स्नायू ताणले जाण्याच्या आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये जाहीर केली. कारण सिद्ध करण्याइतकी माहिती हाती नाही, असं २०२२च्या शेवटी त्यांनी सांगितलं. सिद्ध झालेलं नाही हे खरं, पण फायदा काहीच नसताना वाढत्या पिल्लावर ही जोखीम तरी का घ्यायची? आहे ती पिशवी संपवत संपवत, वर ब्रूनोसाठी सांगितलंय तशा टप्प्यांनी, धान्य असलेल्या मोठ्या जातीच्या पपी फूडवर या.

प्रश्न : मी निवृत्त आहे. आमच्या इमारतीखालच्या तीन देशी कुत्र्यांना रोज खाऊ घालतो. पोत्यातलं सुटं फूड किलोवर स्वस्त मिळतं. या पावसाळ्यात त्याला कुबट वास येतोय आणि कुत्रे तोंड लावत नाहीत. — एक ज्येष्ठ वाचक, कळवा

उत्तर : काका, ते फूड टाकून द्या. कुत्रे बरोबर सांगताहेत. उघड्या पोत्यावर ना उत्पादनाची तारीख कळते, ना ते कधी उघडलं ते. आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत त्यातली चरबी खवट होते आणि बुरशी धरते. मका-शेंगदाण्यासारख्या घटकांवरच्या काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृतावर जातं. फूड उन्हात वाळवलं किंवा भाजलं तरी ते जात नाही.

स्वस्तातल्याच ब्रँडचं घ्या, पण बंद पिशवीतलं. पावसाळ्यात मोठी पिशवी आणू नका. उघडलेली पिशवी महिना-दीड महिन्यात संपली पाहिजे. फूड डब्यात ओतण्याऐवजी पिशवीसकट डब्यात ठेवा, वरून घडी घालून चिमटा लावा. डब्याच्या तळाला राहिलेलं जुनं तेल नव्या फूडलाही खवट करतं, आणि तारीख-बॅच पिशवीवरच राहते. फूडमध्ये भात मिसळून पुरवलात तरी हरकत नाही, बिस्किटं मात्र नकोत.

प्रश्न : आमची बीगल पिकू सतत पंजे चाटते, पोट खाजवते. तीन ब्रँड बदलले. एका लॅबमधून रक्ताची अ‍ॅलर्जी टेस्ट केली, त्यात चिकन, तांदूळ, अंडं सगळंच निघालं. आता तिला घालायचं तरी काय? — एक वाचक, वाशी

उत्तर : तो रिपोर्ट बाजूला ठेवा. अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्ताच्या, लाळेच्या किंवा केसांच्या चाचण्या भरवशाच्या नाहीत, निरोगी कुत्र्यातही त्या लांबलचक यादी देतात.

आधी पिसवा बघा. शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवा आणि फणीवरची काळी कणी ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका. कणीभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त आहे. मग ब्रँड कितीही बदला, खाज थांबणार नाही. पिसवा-गोचिडीचं औषध, कानातला आणि पंजांतला यीस्टचा संसर्ग, हे आधी निपटून घ्या.

तरीही खाज राहिली तर आहाराची चाचणी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पिकूने कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन, किंवा प्रथिनं तोडून बनवलेलं हायड्रोलाइज्ड फूड, किमान आठ आठवडे. त्या काळात दुसरं काहीही नाही. आजीने लपवून दिलेला सुका बोंबील नाही, दह्याचं बोट नाही, चवीची चघळायची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. घरात एक माणूस जरी यातून निसटला तरी सगळे आठवडे वाया जातात, म्हणून हे सगळ्यांना बसवून सांगा. खाज थांबली तर जुनं फूड पुन्हा सुरू करून बघायचं. दोन आठवड्यांत खाज परतली, तर अ‍ॅलर्जी नक्की. दुकानात ‘लँब’ (मेंढीचं मांस) लिहिलेली पिशवी उचलाल तेव्हा मागे चिकन मील किंवा अंडं नाही ना, ते वाचा. बऱ्याचदा असतं, आणि तीन ब्रँड बदलूनही फरक न पडण्याचं ते एक मोठं कारण आहे.

प्रश्न : आमचं घर पूर्ण शाकाहारी आहे. पॉमेरेनियनला बाजारातलं व्हेज फूड चालेल का? पुढे मांजर आणायचाही विचार आहे. — एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : कुत्र्याला चालेल, पिशवीवर ‘कंप्लीट अँड बॅलन्स्ड’ असेल आणि वर्षातून एकदा त्याची रक्ततपासणी करणार असाल तर. घरचं नुसतं दूध-पोळी मात्र पुरणार नाही. मांजराचं तसं नाही. टॉरिन (मांसात मिळणारा एक पोषक घटक), अ जीवनसत्त्व आणि काही स्निग्धाम्लं तिचं शरीर वनस्पतींपासून बनवू शकत नाही. टॉरिन कमी पडलं तर तिचे डोळे आणि हृदय जातं. घरात मांसाचं फूड ठेवणं तुम्हाला जमणार नसेल, तर मांजर आणू नका.