फोल्डिंग रॉडला ब्रेडेड दोरी कुठली लावायची? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा नमस्कार, मी पुण्यात असतो, गाव गुहागरकडे. बाइकवरून जातो म्हणून ७ फुटी टेलिस्कोपिक रॉड घेतलाय, बंद केला की सॅकमध्ये मावतो. सोबत ३००० साइजचं रीळ आलं आणि त्यावर जाडा तंगूस (नायलॉनची दोरी) होता, तो स्प्रिंगसारखा गुंडाळ्या करतो आणि लांब जातच नाही. दुकानदार म्हणतो ५० पाउंडाची चार पदरी ब्रेडेड घे, आयुष्यात तुटणार नाही. मित्र म्हणतो फोल्डिंग रॉडला ब्रेडेड लावूच नको, रिंगा कापून टाकेल. मी खडपावरून तांबोशी आणि खाडीत जिताडा, एवढ्यासाठीच जातो. कुणाचं ऐकू?

उत्तर : मित्राचं अर्धं बरोबर आहे, दुकानदाराचं मात्र अजिबात ऐकू नका, आणि हे मी स्वतः नुकसान सोसून सांगतोय. काही वर्षांपूर्वी मीही फोल्डिंग रॉडवर ४० पाउंडाची ब्रेडेड भरली होती, शिसं (दोरीला बांधलेलं वजन) खडपाच्या कपारीत अडकलं, मी सवयीप्रमाणे रॉड वर उचलून दोन झटके दिले आणि टोकाकडून दुसरा तुकडा जोडापाशी उभा चिरला. दोरीला काहीच झालं नव्हतं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की फोल्डिंग रॉडवर दोरी माशाकडे बघून घ्यायची नाही, रॉडकडे बघून घ्यायची.

कारण सांगतो. तंगूस म्हणजे नायलॉन, तो तुटायच्या आधी २०–२५ टक्के ताणला जातो, म्हणजे झटका बराचसा तोच खातो. ब्रेडेड ही पॉलिइथिलीनच्या अगदी बारीक धाग्यांची वीण असते (डायनीमा, स्पेक्ट्रा ही नावं स्पूलवर वाचली असतील, ते हेच) आणि ती जेमतेम ३–४ टक्के ताणते. मग झटका जातो कुठे, तर सरळ रॉडच्या जोडांवर. एका तुकड्याचा किंवा दोन तुकड्यांचा रॉड पूर्ण लांबीत छान वाकतो, पण आपल्या फोल्डिंगला सहा-सात जोड, सगळे नुसत्या घट्टपणावर उभे, आणि प्रत्येक जोड हा वाकण्यातला अडथळा. म्हणून मित्र जे म्हणतो ते अगदीच खोटं नाही, पण त्यावर उपाय ब्रेडेड टाळणं हा नाही, पातळ ब्रेडेड आणि सैल ड्रॅग (रिळाचा ब्रेक, मासा जोरात ओढू लागला की दोरी सुटू देतो तो) हा आहे.

रॉडच्या मुठीच्या वर बघा, काहीतरी छापलेलं असेल, लाइन ८–१७ पाउंड, फेकायचं वजन १०–४० ग्रॅम असं. त्या रेंजच्या वरच्या टोकाच्या आसपास राहा. तुमच्या कामाला १५ ते २० पाउंड म्हणजे साधारण ७ ते ९ किलोची दोरी भरपूर झाली. पण पाउंडाच्या आकड्यावर फार विसंबू नका, स्वस्त स्पूलवर तो वाटेल तसा छापतात, जाडी बघा. जपानी पद्धतीत पीई नंबर असतो, पीई १ म्हणजे ०.१६५ मिमी, पीई १.५ म्हणजे ०.२० मिमी. मी तुम्हाला पीई १ ते १.५ यातलंच काहीतरी घ्या म्हणेन. याच ताकदीचा तंगूस घ्यायचा तर त्याची जाडी जवळपास दुप्पट होते, त्यामुळेच तो रिळातून सुटताना आणि हवेत अडतो आणि तुमचा कास्ट (फेक) जवळ पडतो.

पदरांचं म्हणाल तर चार पदरी स्वस्त आणि खरखरीत, आठ पदरी गोल आणि गुळगुळीत. खडपावर घासायला चार पदरी बरी असं लोक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे, कारण तिचे धागे जाड असतात. तरी फोल्डिंग रॉडवर मी आठ पदरीच लावतो. या रॉडला रिंगा कमी, टोकाकडच्या तर फारच बारीक, तिथे खरखरीत दोरी किरकिर आवाज करत जाते आणि रिंग झिजवते. रिंगेत आतून काळी किंवा राखाडी सिरॅमिकची कडी असेल तर निर्धास्त राहा. नुसती चकचकीत स्टीलची तार असेल तर दर ट्रिपनंतर कानाचा कापूस आतून फिरवा, कापसाचा तंतू अडकला की समजायचं खाच पडलीय, आणि ती खाच पुढच्या वेळी नवीकोरी दोरी सोलून काढणार. मीठ आणि वाळू दोरीत बसली की हे सगळं लवकर होतं, म्हणून घरी आलात की गोड्या पाण्याने रीळ आणि रॉड दोन्ही धुवा (रीळ बादलीत बुडवायचं नाही, नुसतं वरून पाणी).

आता लीडर, म्हणजे ब्रेडेडच्या पुढे जोडायचा तुकडा, याच्याशिवाय ब्रेडेड खडपावर नेऊच नका. एवढी ताकद असूनही ताणलेली ब्रेडेड खडकावरच्या कालवाच्या शिंपल्याच्या धारेला नुसती टेकली तरी सुतासारखी तुटते. पुढे दोन-अडीच फूट ०.४० मिमीचा तंगूस किंवा फ्लोरोकार्बन बांधा. एवढाच का, तर गाठ टोकाच्या रिंगेबाहेर राहते, फोल्डिंगच्या बारीक रिंगांमधून गाठ धाडधाड जाणं बरं नाही. गाठ डबल युनी शिका, दहा मिनिटांत येते, एफजी नंतर शिका, ती बारीक होते पण वाऱ्यात उभं राहून बांधणं सोपं नाही. कुठलीही गाठ आवळायच्या आधी थुंकीने ओली करा. पॉलिइथिलीन १४५–१५० अंशाला वितळतं, कोरडी गाठ आवळली की घर्षणानेच धागे भाजतात आणि मासा लागल्यावर तिथेच सुटतं.

शिसं लावून तळाला टाकत असाल तर शिशाला मुख्य दोरीवर थेट बांधू नका, मध्ये वीतभर पातळ तंगूस द्या, अडकलं तर तेवढंच तुटेल. आणि अडकलंच तर रॉड खाली करा, दोरीच्या सरळ रेषेत धरा, दोरी एका काठीला नाहीतर जाड फडक्याला गुंडाळून मागे चालत जा. हाताला गुंडाळायची नाही, कितीही घाई असली तरी नाही, ही दोरी बोट हाडापर्यंत कापते. तुटलेली दोरी मिळेल तेवढी गोळा करून, बारीक तुकडे करून घरी आणा. आपल्याच किनाऱ्यावर वेळासला कासवं अंडी घालायला येतात आणि ही दोरी कुजत नाही हो, वर्षानुवर्षं पाण्यात तशीच राहते.

ड्रॅग लावायला बॅग वजन करायचा हुकवाला काटा घ्या. दोरी रिंगांतून ओवून काट्याला बांधा, घरच्या कुणाला तरी काटा ओढायला सांगा आणि दीड किलोला ड्रॅग सुटेल असा ठेवा. जास्तीत जास्त दोन. जिताडा उडी मारतो, तांबोशी लागल्या लागल्या कपारीत घुसते, तेव्हा हात शिवशिवतो ड्रॅग पिळायला, पण तिथेच रॉड जातो.

प्रश्न : काका, मी रत्नागिरीत कॉलेजला आहे. वाढदिवसाला ब्रेडेड मिळाली, १०० मीटर, सगळी रिळावर भरली. पण मोठा शेंगाळा लागला तेव्हा हँडल फिरवतोय तरी दोरी आतच येईना, ड्रॅग पूर्ण पिळला तरी तेच. रीळ बिघडलं का?

उत्तर : नाही रे बाळा, रीळ चांगलं आहे. ब्रेडेड गुळगुळीत असते आणि धातूच्या स्पूलला (दोरी गुंडाळतात त्या चकरीला) पकडत नाही, त्यामुळे दोरीचा पूर्ण गठ्ठाच स्पूलवर गोल फिरत होता. सगळी उतरव, आधी तंगूस भर आणि त्याला डबल युनीने ब्रेडेड जोड. १०० मीटर ब्रेडेडने तुझा स्पूल भरलाही नसेल, म्हणून खाली तंगूस किती लागेल ते असं काढ : दुसऱ्या, तेवढ्याच मापाच्या रिकाम्या स्पूलवर आधी ब्रेडेड गुंडाळ, मग तिच्यावर तंगूस कडेच्या २ मिमी खालपर्यंत, मग सगळं उलटं करून आपल्या रिळावर घे. भरताना ओल्या फडक्यातून दाबून भर, सैल भरलीस तर वरचे वेढे खालच्यात रुततात आणि कास्ट करताना गुंता उडतो. आणि पुढच्या वेळी शेंगाळ्याला हाताने धरू नकोस, त्याचा काटा फार वाईट लागतो, पकड वापर.

प्रश्न : मी ठाण्याची. माझ्या फोल्डिंग रॉडवर ब्रेडेड सारखी टोकाच्या रिंगेभोवती गुंडाळते, आणि गेल्या वेळी रॉड बंदच होईना, दोन तुकडे अडकून बसले. काय करू?

उत्तर : ताई, ब्रेडेड लुळी आणि हलकी असते, पाण्यावर तरंगते, त्यामुळे वाऱ्यात सैल पडली की टोकाला वेढा घालते. कास्टनंतर बेल (रिळावरची उघडझाप होणारी तारेची कडी) हँडल फिरवून बंद करू नका, हाताने करा, दोरी बोटांनी जरा ताणून घ्या आणि मगच गुंडाळा. प्रत्येक कास्टआधी टोकाकडे एक नजर टाकाच, कारण वेढा बसलेला असताना ४० ग्रॅमचं शिसं जोरात फेकलं तर टोक शिशाबरोबर जातं. रिंगा एका रेषेत आहेत का तेही बघा, फोल्डिंगचे तुकडे मासेमारी करता करता हळूहळू फिरतात.

रॉड उघडताना टोकाकडून सुरुवात, बंद करताना मुठीकडच्या जाड तुकड्यापासून, आणि उघडताना झटका द्यायचा नाही, हलकं पिळून घट्ट करायचं. तुमचे तुकडे बहुतेक वाळूने अडकलेत. कोमट पाणी ओता, मग रबरी हातमोजे घालून दोघांनी मिळून सरळ रेषेत, थोडं पिळत, आत ढकला. पक्कड लावू नका, कार्बन चिरतो. तरी नाही निघालं तर मुठीचं मागचं बूच उघडून आतली वाळू धुऊन काढा, आणि रॉड उभा धरून रबराच्या मॅटवर हलकेच आपटा, बहुतेक वेळा सुटतं.