वाचकांचे प्रश्न : किटकॅट काढून एमसीबी बसवताना

प्रश्न : वाईतलं आमचं घर चाळीस वर्षांचं आहे. लाकडी फळीवर चिनीमातीचे किटकॅट (फ्यूज) आहेत. वायरमन म्हणतो, अर्ध्या दिवसात एमसीबीचा (जादा करंट आला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा) डबा बसवतो. शेजाऱ्यांनी तसंच केलं. त्यांचा आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) सारखा पडायचा, शेवटी काढून टाकला. आम्ही काय करावं?

उत्तर : डब्याला अर्धा दिवस पुरतो. वेळ जातो आधीच्या तपासणीत, आणि शेजाऱ्यांकडे बहुधा तीच राहिली.

सगळी उपकरणं, बल्ब काढून प्रत्येक सर्किटची वायर ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) अर्थच्या विरुद्ध तपासून घ्या. रीडिंग १ मेगाओहमच्या खाली आलं, तर ती वायर बदला. ॲल्युमिनियमची किंवा रबरी आवरणाची वायर रीडिंग न बघताच काढा.

डबा किमान १२ खाचांचा घ्या. आत ३२ अँपिअरचा दोन पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, एमसीबी (मंजूर भार पाहून), त्यापुढे ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. दिव्यांना १.५ चौ. मिमी तांब्याची वायर आणि ६ किंवा १० चा एमसीबी, गिझरला स्वतंत्र २.५ आणि १६ चा, एसीला ४ आणि २० चा. एमसीबी पडतो म्हणून मोठा घालू नका. मग वायरच तापते. जुन्या फळीवर न्यूट्रललाही किटकॅट असतो. तो उडाला की दिवा विझतो, फेज मात्र जिवंतच राहतो. नव्या डब्यात सगळे न्यूट्रल सरळ त्यांच्या धातूच्या पट्टीवर घ्या.

मेन स्विच पाडला तरी त्याच्या वरच्या टोकांना वीज असते. तो बदलायचा तर पुरवठा महावितरणकडून बंद करून घ्या. मीटरचं सील तोडू नका. अर्थिंग नसेल तर आधी ते करा. नाहीतर फ्रीजच्या पत्र्यात उतरलेला करंट आरसीसीबीला तुमचा हात लागल्यावरच कळेल.

आता शेजाऱ्यांचं दुखणं. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून पाहतो. इन्व्हर्टरचा न्यूट्रल त्याच्या आधी जोडला, किंवा कुणी अर्थलाच न्यूट्रल म्हणून वापरलं, की तो पडणारच. दोष त्याचा नाही. नुसते एमसीबी पाडून दोष सापडत नाही, कारण न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मेन बंद करून, त्या त्या सर्किटचा एमसीबीही पाडून, पट्टीवरून एकेक न्यूट्रल सोडवावा आणि मेन पुन्हा चालू करून पाहावं. जो सोडवल्यावर पडणं थांबतं, त्याच सर्किटमध्ये दोष शोधायचा.